उताणा ससा

बैल पाडायला मला चार मिनिटं पुरायची. एक दोर, दोन गडी आणि दोर कुठं आवळायचा याची अक्कल, बस्स. बत्तीस वर्षं मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होतो. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि साहेब सुई टोचत असताना जनावर धरून ठेवायचं. पण तिरोडा तालुक्यातल्या ज्या ज्या गावात माझी बदली झाली, तिथं लोक मलाच डाक्टर म्हणत, आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. मारका बैल असो की लाथाडी म्हैस, माझ्या हाताखाली आली की गप्प व्हायची. "डाक्टरच्या हातात काही तरी हाय," लोक म्हणत. मलाही तसंच वाटायचं. म्हणूनच निवृत्तीनंतर दीड किलोच्या एका सशानं माझी जी फजिती केली, ती सांगताना अजूनही मला राग येतो. सशाचा नाही, माझाच.

ससा आमच्या सुनेचा. ती गोंदिया शहरातली, माहेरी सगळं हिंदीत चालायचं. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात माहेरून परत आली ती मांडीवर पिंजरा घेऊनच ऑटोतून उतरली. आमच्या गल्लीत सुनांबरोबर फ्रिज आले, कूलर आले, दिवाण आले, ससा पहिलाच. पांढरा, कानांच्या कडा राखाडी. माझ्या बायकोला त्याच्या केसांनी शिंका यायला लागल्या, मुलानं "ससाच तर आहे" म्हणून त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. तो वीज कारखान्यात शिफ्टची नोकरी करतो, दिवसा झोपतो. त्यामुळं ससा पूर्णपणे सुनेचाच राहिला. ती स्वयंपाक करताना तो तिच्या पायाशी बसायचा, ती कपडे घडी करायला बसली की घड्या विस्कटायचा. आम्हा तिघांपैकी कोणी खोलीत आलं की दिवाणाखाली गडप.

या प्रेमाची एक अडचण होती. तो तिच्याशिवाय खात नसे. उन्हाळ्यात ती एका लग्नाला दोन दिवस गेली, तर यानं दीड दिवस पाल्याला तोंड लावलं नाही. सशाचं पोट म्हणजे चालती चक्की. ती थांबली की पुन्हा चालू होत नाही, आणि दोन-तीन दिवसांत ससा हातचा जातो, हे मला माझ्या धंद्यामुळं माहीत होतं. सून आली, चप्पल काढायच्या आधी त्याच्यापाशी बसली, आणि त्यानं दहा मिनिटांत मुळ्याचा अख्खा पाला उडवला. तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

दसऱ्याच्या सुमारास तिला नागपूरहून फोन आला. डायलिसिसच्या मशीनवर काम करायचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं, आणि ते झालं की नोकरी जवळजवळ नक्की. लग्नाआधी तिनं लॅबचा कोर्स केला होता, तो आता कुठं कामी येणार होता. दिवाळी झाली की निघायचं. होस्टेलमध्ये ससा चालणार नव्हता. माहेरी दोन कुत्री होती. म्हणजे ससा आमच्याकडेच राहणार, आणि तो कोणाच्या तरी हातून खायला शिकला नाही तर तिला जाता येणार नाही, हे तिनं बोलून दाखवलं नाही तरी घरात सगळ्यांना कळलं.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. "तू बॅग भर. तीन दिवसांत हातावर आणतो त्याले."

"हो बाबूजी," ती म्हणाली.

मी बैलाच्या पद्धतीनं सुरुवात केली. बैलासमोर सरळ उभं राहायचं, भ्यायचं नाही, कपाळावर हात ठेवायचा आणि गळ्याखालची पोळी खाजवायची. दहा मिनिटांत बैल मान लांबवतो. मी सशापुढं तसाच उभा राहिलो आणि वरून कपाळावर हात नेला. त्यानं मागचा पाय फरशीवर असा आपटला की मीच दचकलो. मग दिवाणाखाली. मी काठीनं हुसकलं, तर तो कपाटामागे. तिसऱ्या दिवशी मी त्याला मानगुटीला धरून ओढून काढला, त्यानं माझ्या मनगटावर चार ओरखडे काढले, आणि या झटापटीत तो माझ्या मांडीवर उताणा पडला.

आणि काय आश्चर्य! गप्प झाला. चारही पाय सैल, मान मागे, डोळे अर्धवट. मी पोटावरून हात फिरवला, तो हललाही नाही. लहान मूल दूध पिऊन झोपतं तसा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी हाक मारून सगळ्यांना बोलावलं. बायको पदर नाकाला लावून लांबूनच म्हणाली, "मायं वं, खरंच झोपला!" सून दारात उभी राहिली. तिनं सशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आता जाशील ना बिनघोर?" मी विचारलं.

"हो बाबूजी," ती म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.

त्यानंतर माझं रोजचंच झालं. दिवसातून दोनदा सशाला धरायचं, उताणा करायचं, झोपवायचं. दिवाळी झाली आणि गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, सुरू झाली. आमच्या भागात मंडईला नातेवाईक मुक्कामाला येतात, रात्रभर दंडारीचं नाटक पाहतात, लग्नाच्या गोष्टी काढतात. आमच्या गावच्या मंडईला घरी बारा-पंधरा पाहुणे. प्रत्येकाला चहाबरोबर मी ससा दाखवला. "डाक्टर, रिटायर झाले तरी हात नाही गेला तुमचा," माझा साडू म्हणाला. मी वरवर "छे छे" केलं. पण खरं सांगतो, त्या दिवशी माझी छाती चांगलीच फुगली होती.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी तिच्याकडे पाहत नव्हतो. झोपून उठला की ससा दिवसभर कोपऱ्यात बसायचा. पाला तो अजूनही सुनेच्याच हातून खायचा, आणि तोही पहिल्यापेक्षा कमी.

मंडईनंतर आमच्या दोन एकरांत भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाची कापणी होती. दरवर्षी अर्जुनी मोरगावकडून, जंगलपट्ट्यातून पाच-सहा बायांची एक टोळी येते. त्यांच्यातली एक म्हातारी गोंडीण, माझ्याच वयाची असेल, तोंडाची मोठी फटकळ. एका दुपारी त्या ओसरीत चहा प्यायला बसल्या होत्या. माझ्या हाताला खाज सुटलीच होती. मी ससा आणला, उताणा केला आणि म्हणालो, "पाहा, कसा झोपते."

बाकीच्या बाया हसल्या. म्हातारीनं चहाची कपबशी खाली ठेवली.

"झोपला नाई जी तो," ती म्हणाली. "मरून राहिला."

"काय बोलून राहिली बाई? श्वास चालू आहे ना."

"तसा नाई. मेल्याचं सोंग. आमचा बाप जंगलात जाये तवा मी पाहिलं हाय. कुत्र्यानं तोंडात धरला का ससा असाच ढिला पडते. कुत्र्याले वाटते मेला, तो तोंड ढिलं करते, का हा पळते. तुमी सोडून पाहा ना."

मला असा राग आला! बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या माणसाला ही शिकवणार? "मला जनावरांचं सांगतेस?" मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण बाकीच्या बायांनी हसणं थांबवलं. म्हातारी मात्र तशीच माझ्याकडे पाहत राहिली.

"तुमी डाक्टर," ती म्हणाली. "छातीले नळी लावून पाहा."

नळी म्हणजे स्टेथोस्कोप. माझा स्वतःचा, पगारातून घेतलेला, अजूनही कपाटात आहे. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी तो काढला. सशाला सरळ करून मांडीवर धरला आणि नळी त्याच्या बरगडीला लावली. ठोके इतके भराभर पडत होते की सुटे ऐकूच येईनात, नुसती घरघर होती. मी मोजायचा प्रयत्न केला, जमेना. त्याच्या डोळ्याची पांढरी कड दिसत होती आणि पाठ थरथरत होती. माझी पकड सैल झाली तसा तो उडी मारून गेला, आणि खरंच, आधी झोपेत होता असं म्हणायला जागाच उरली नाही.

बाया शेतावर परत गेल्या. मी ओसरीतच बसून राहिलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी किती लोकांच्या तोंडावर मारली असेल! मला ते मारके बैल आठवायला लागले, माझ्या हाताखाली गप्प होणारे. ते कशानं गप्प होत होते? आजवर हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आता पडला, तर उत्तर विचारायला एकही बैल नव्हता.

सुनेला जायला नऊ दिवस राहिले होते. बोललो नाही तर ती बिनघोर जाईल आणि इकडे ससा उपाशी मरेल. बोललो तर ती जाणारच नाही. आणि तिसरी गोष्टही लिहितो, लपवत नाही: घरातल्या कोणापुढं "माझं चुकलं" असं मी कधी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. पण जनावराच्या जिवाशी खेळ मला जमत नाही, एवढं तरी सरकारी नोकरीनं शिकवलं होतं. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. ससा झोपत नाही, भितो. मी तुला चुकीचं सांगितलं.

ती शेंग सोलायची थांबली. "मला माहीत होतं, बाबूजी," ती म्हणाली. "मोबाइलवर वाचलं होतं. उलटा नहीं करना चाहिए त्याला."

"मग सांगितलं काऊन नाही?"

तिनं खाली पाहत पुढची शेंग उचलली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं की जायचं तिनं कधीच रद्द करून टाकलं होतं मनात. दोन दिवस आधी ताप आल्याचं सांगून ती नागपूरला फोन करणार होती. "तुम्ही इतके खुश होते," ती म्हणाली. "आणि सांगितलं असतं तर चिडले असते."

"मी? मी कधी चिडतो?" मी ओरडलो.

तिच्या हातातलं सूप कलंडलं, आणि दिवाणाखाली सशानं पाय आपटला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसलो आणि तुरीचे दाणे वेचायला लागलो. "फोन करू नको," मी म्हणालो. "नऊ दिवस दे मला. नाही जमलं तर आठव्या दिवशी मीच सांगतो, तू थांब म्हणून." यावेळी ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पण फोन केला नाही.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सशाला हात न लावता नुसतं पाहत बसलो. आणि बैलांपेक्षा वेगळं जनावर मी आयुष्यात कधी नीट पाहिलंच नव्हतं, हे मला कळलं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मागून मांजर आली तर दिसते, वरून घार आली तर दिसते, पण नाकाच्या अगदी पुढ्यात काय आहे ते त्याला दिसत नाही. तिथं तो मिशांनी चाचपतो. मी आजवर वरून हात घालत होतो, घारीसारखा, आणि पाला नेमका नाकापुढं धरत होतो, जिथं त्याला काहीच दिसत नव्हतं. वर "नखरे करते" म्हणून त्यालाच शिव्या! मी कोथिंबीर थोडी बाजूला धरून पाहिली. त्यानं मान वळवली. आला नाही, पण वळवली. त्या वळलेल्या मानेचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी बायकोला दोनदा सांगितलं.

मग त्याला आमचं घर कसं दिसत असेल याचं मला कुतूहल लागलं. मी फरशीवर पालथा पडलो, गाल टेकवला. बायको आंघोळ करून आली आणि किंचाळली, "अवो मायं! काय झालं जी तुमाले? धावा रे कोणी!"

"मेलो नाही. पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले?"

"घर."

"साठ वर्षांचं माणूस जमिनीवर निजून घर पाहते," ती म्हणाली, आणि मला ओलांडून देवघराकडे गेली. तिच्या पावलांचा दणका माझ्या कानशिलात बसला. कुकरची शिट्टी झाली, ती दातात घुसली. टीव्हीवर कोणीतरी भांडत होतं. खालून सगळंच अंगावर येत होतं. मी टीव्ही बंद करून टाकला.

चौथ्या दिवसापासून सूनही माझ्याजवळ जमिनीवर बसायला लागली. पाला आमच्या दोघांच्या मध्ये, एका स्टीलच्या ताटलीत. ती मला हळूच सांगायची: असं टक लावून पाहू नका, तिरपं बसा, पेपर वाचा. मी पेपर वाचत बसलो. शेजारचा एक जण डोकावून म्हणाला, "काय डाक्टर, शिक्षा झाली का?" मला एरवी राग आला असता. आलाच. पण गिळला. पाचव्या दिवशी ससा येऊन माझा पेपर हुंगून गेला. सहाव्या दिवशी त्यानं जाहिरातीचं अर्धं पान खाल्लं. सातव्या दिवशी मी ओरखड्यांचं मनगट त्याच्याजवळ नेलं, तर त्यानं ते नाकानं ढकलून बाजूला केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मी घाबरलो. सून म्हणाली, "अच्छा है, बाबूजी. भीती वाटते त्याला तो पाठ नाही दाखवत." पाठ दाखवणं म्हणजे विश्वास ठेवणं, ही गोष्ट पचवायला मला अख्खा दिवस लागला.

पण खायला तो तयार नव्हता. ती उठून स्वयंपाकघरात गेली की ताटलीजवळून निघून जायचा. आठवा दिवस उजाडला. मी शब्द दिला होता, तो पाळणं भाग होतं. "नाही जमलं," मी तिला म्हणालो. "तू जाशील आणि तो खाईल, असं मी सांगू शकत नाही. खोटं एकदा बोललो, आता नाही बोलत."

तिनं सशाच्या कानामागून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी जाते, बाबूजी. खाल्लं नाही तर तुम्ही खरं सांगाल. मी मिळेल त्या गाडीनं परत येईन." आणि ती कपडे भरायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं गाडी काढली. बॅग दारात. बायकोनं तिच्या हातावर दही ठेवलं. ती मला नमस्कार करायला वाकली, उठली, आणि गेली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"एक बोलू, बाबूजी?"

"बोल ना."

"त्याला तुमचा आवाज सहन होत नाही. आईंवर ओरडायचं असेल ना, तर बाहेर फाटकापाशी जाऊन ओरडा."

मुलाच्या हातातली गाडीची चावी वाजायची थांबली. बायकोनं दह्याची वाटी छातीशी धरली. माझ्या घरात, माझ्या तोंडावर, असं मला कोणी बोललं नव्हतं. माझ्या बापानंतर कोणीच नाही. तिचे कान लाल झाले होते, पण ती खाली पाहत नव्हती. माझ्याकडेच पाहत होती.

"बरं," मी म्हणालो.

ती गेली. सकाळी ससा दाराजवळ बसून राहिला. ताटलीत कोथिंबीर, मुळ्याचा पाला, थोडी हरळी. मी तिरपा बसून कालचाच पेपर तीनदा वाचला. बारा वाजले, दोन वाजले. पाला सुकला, मी बदलला. चार वाजता मला चष्मा सापडेना. बायकोनं आवरताना कुठं ठेवला होता, तिलाच आठवेना. भूक, काळजी, सगळं एकदम डोक्यात गेलं, मी तोंड उघडलं, आणि उघड्या तोंडानंच उठलो. अंगण ओलांडलं, फाटकापाशी गेलो आणि तिथून ओरडलो की या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!

"काय मनून राहिले जी?" आतून बायकोचा आवाज आला. "ऐकूच नाई येत!"

मी पुन्हा ओरडलो. समोरच्या घरातली बाई वाळवण सोडून पाहायला लागली. "कोणावर चिडले, डाक्टर?" तिनं विचारलं. फाटकाला धरून मी तसाच उभा राहिलो. राग कुठं गेला कोण जाणे, नुसती लाज उरली. थोड्या वेळानं आत आलो.

ससा ताटलीपाशी होता. कोथिंबिरीची काडी त्याच्या तोंडातून भराभर आत जात होती. मी दारात थबकलो. त्यानं माझ्याकडे एक डोळा फिरवला, कान हलवले, आणि खाणं थांबवलं नाही.

मी ओसरीत जाऊन सुनेला फोन लावला. सांगितलं, खाल्लं, पण माझ्या हातून नाही, मी घरात नसताना. घरात का नव्हतो तेही सांगितलं, चष्म्यापासून समोरच्या बाईपर्यंत सगळं. मग ती हसायला लागली. थांबेचना. दोन वर्षं एका छताखाली राहून माझ्या सुनेचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही नागपूरहून.